कोऱ्या मातीपर्यंत

"आधी मला खण, मग होळीला खण," सेगीआजी म्हणाली आणि त्या उंचवट्यावर मांडी घालून बसली.

भूमापकाने उगारलेली कुदळ तशीच वर राहिली. बिचाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी रेंजर कडलगांकडे पाहिलं आणि कडलगांनी आकाशाकडे. तोवर आजूबाजूच्या आणखी दहाबारा बायका येऊन आजीला खेटून बसल्या. त्यांच्यातली एक तर लेकराला पाजत होती. आता त्या जागेवर कुदळ चालवायची म्हणजे सरकारला बरंच धाडस लागलं असतं.

मी तेव्हा जिल्ह्याची वनहक्क व्यवस्थापक होते. पद भारदस्त, नेमणूक कंत्राटी, खुर्ची प्लास्टिकची. काम एवढंच, की आदिवासी गावांचे वनहक्काचे दावे नीट तयार व्हावेत आणि सरकारच्या टेबलांवरून पडता पडता शेवटपर्यंत पोचावेत. सावरपाणी हे सातपुड्यातलं भिल्लांचं गाव. डोंगराच्या पायथ्याशी विखुरलेली घरं, वर उतारावर जंगल आणि त्याच्याही वर एक लांबरुंद पठार. आपल्या परंपरागत शिवेतलं जंगल राखायचा आणि वापरायचा हक्क गावाला मिळावा, असा त्यांचा दावा होता. उताराबद्दल कोणाची तक्रार नव्हती. भांडण होतं ते पठाराचं.

आणि पठारावरच सगळं होतं. मोहाची जुनी झाडं, गुरांचं गवत, उन्हाळ्यात न आटणारा एकमेव झरा. येत्या चैत्रात तिथे वनखात्याचं तारेचं कुंपण पडणार होतं, आत रोपवन लागणार होतं. कुंपण पडलं की झरा आत आणि सावरपाणी बाहेर. पुढचा उन्हाळा त्या गावाला तिथे काढता आला नसता, इतकं ते साधं होतं.

"घरं सगळी खाली," कडलग म्हणाले. "वर एक झोपडी नाही, एक नांगरट नाही. मग शीव वरपर्यंत कशी जाते?"

"आमची होळी वर लागते," गुमान्या वळवी म्हणाला. हा गावाचा कारभारी. ताडमाड उंच, मान किंचित वाकवून बोलायची सवय. "जिथे होळी तिथपर्यंत गाव. घरं काय, घरं खाली येतात, वर जातात. होळी जागा सोडत नाही."

"वनहक्काचा कायदा आल्यावर चढली असेल होळी वर."

हे कडलग कुचेष्टेने बोलले नाहीत. हा माणूस वाईट नव्हता, म्हणून तर त्याच्याशी लढणं अवघड होतं. या जंगलात त्याने लाकूडचोरांचे मार खाल्ले होते, वणवे विझवताना भुवया जाळून घेतल्या होत्या. पठार गावाला दिलं की ते बोडकं होणार, हे त्याचं प्रामाणिक मत होतं. त्यानेच सुचवलं होतं, की होळीच्या जागेवर खणून बघू. राख वरवरची निघाली तर कायद्यानंतरचं चार वर्षांचं नाटक, खोल निघाली तर मी मानतो. बोलणं रास्त होतं. फक्त खणायला त्याने कुदळ आणली होती, आणि होळीच्या जागेला लोखंड लावायचं नाही, हे सावरपाणीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"आजी, उठ," कडलग म्हणाले. "तुमच्याच भल्याचं आहे."

"माझं भलं मला ठाऊक आहे. तू तुझं लोखंड घेऊन जा."

कडलगांनी कागद काढला आणि उभ्या उभ्या पंचनामा सांगायला सुरुवात केली. ग्रामस्थांनी पडताळणीस अडथळा आणला, पुरावा दाखवण्यास नकार दिला, सबब पठाराचा भाग दाव्यातून वगळण्यात यावा. 'सबब' हा शब्द सरकारी कागदावर आला की समजावं, पुढे काहीतरी कायमचं बंद होतंय. गुमान्याने झऱ्याच्या दिशेने एकदा पाहिलं.

बाकीचे सरकारी लोक डोंगर उतरून गेले. मी मात्र गेले नाही. अंगाची लाही लाही होत होती, आणि खरं सांगायचं तर राग कडलगांपेक्षा आजीचाच जास्त आला होता. हातातोंडाशी आलेला पुरावा हिने बसून घालवला होता. मी तिच्याशेजारी जाऊन बसले.

"आजी, जरा खणू दिलं असतं तर काय झालं असतं?"

"खणू नको कोण म्हणालं?" तिने चकित होऊन विचारलं. "आम्ही दर साल खणतो."

"कशाने?"

"हाताने. होळीच्या दिवशी. ज्याने पालनी धरली तो खणतो. खाटेवर बसत नाही, पायात घालत नाही, आंघोळ करत नाही, बाईला शिवत नाही. असा माणूस खणतो."

"किती खणतो?"

"कोऱ्या मातीपर्यंत."

मला कळलं नाही. आजीने लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. होळीचा बांबू राखेवर उभा राहत नाही. गेल्या सालची राख, त्याच्या आधीची राख, आजाची राख, पणजाची राख, सगळी काढायची. खाली तांबडी, आग न लागलेली माती लागली की तिच्यात बांबूचा पाय रोवायचा. मग राख पुन्हा आत लोटायची. राख तिथून हलवायची नाही, घरी न्यायची नाही.

मी ज्या उंचवट्यावर बसले होते त्याच्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. पठार सगळीकडे सपाट आणि ही एकच जागा वर आलेली. गवत वाढलं होतं म्हणून आम्हा शहाण्यांना ते टेकाड वाटलं होतं.

"आजी, मग तो खड्डा किती खोल जातो?"

"जितकी राख, तितका खड्डा."

"पण किती? गुडघाभर? कमरेएवढा?"

"होळीला मोजतात का गं?" तिने मलाच दटावलं. "आणि बाया काठाशी जात नाहीत. आम्ही लांबून गातो."

गुमान्याला विचारलं तर तो आणखीनच बेतशीर. मागच्या वर्षी पालनी त्याची नव्हती, त्याच्या भावाची होती. तो भाऊ आता गुजरातेत कामाला. "खोल असतो," एवढंच म्हणाला. खोल म्हणजे किती, हे ज्याने त्याने आपापल्या मनाने ठरवायचं.

दुसऱ्या दिवशी मी प्रांतसाहेबांपुढे उभी राहिले. गजभारेसाहेब निवृत्तीला आलेले, नांदेडकडचे, बोलणं कमी आणि भुवयाच जास्त वापरणारे. उपविभागीय समितीचे तेच अध्यक्ष. पठार वगळायचं की ठेवायचं, हे त्यांच्या सहीवर होतं. कडलगही तिथेच बसले होते.

"फेरपडताळणी?" साहेबांनी एक भुवई वर केली. "कधी?"

"होळीला, सर."

दुसरी भुवईही वर गेली. "सणाच्या दिवशी?"

"वर्षातून तो एकच दिवस आहे. त्या दिवशी ते स्वतःच खणतात. कोऱ्या मातीपर्यंत. आपण फक्त काठावर उभं राहायचं."

"आणि खोली किती निघेल?"

इथे मी थापा मारू शकले असते. जीभ वळवळलीही. पण म्हटलं, हेमलता निकुंभ, अमळनेरहून इथवर आलीस ती काय थापा मारायला?

"माहीत नाही, सर."

कडलग हसले. "आणि गुडघाभर निघाली तर?"

"तर पठार वगळायची टिपणी मी लिहीन. माझ्या सहीने."

बोलून गेले आणि मग लक्षात आलं. गावाला न विचारता मी गावाचं पठार डावावर लावलं होतं. गजभारेसाहेबांनी दोन्ही भुवया खाली आणल्या. मग म्हणाले, "गावाची हरकत नाही ना? त्यांच्या देवकार्यात सरकार घुसतंय असं नको."

ते विचारायला मी पुन्हा सावरपाणीला गेले. मोहाखाली सभा बसली. भिल्लांच्या सभेत हात वर करून मोजणी होत नाही; एकाचंही मन मागे राहिलं तर बोलणं चालूच राहतं. माझी पैज मी आधी सांगून टाकली. तरणी पोरं भडकली, म्हणाली, हिला कोणी सांगितलं होतं? एक म्हातारा म्हणाला, साहेब लोक आले तर याहामोगी माता कोपेल. दुपार कलली तरी बोलणं संपेना. शेवटी सेगीआजी म्हणाली, "होळी खोटी असेल तर पठार जाऊ दे. होळी खरी आहे ना? मग भ्यायचं कशाला?"

यावर भडकलेली पोरंही खाली बसली. मग अटी ठरल्या. येणाऱ्याने अनवाणी यायचं. अंगावर चामडं नाही, लोखंड नाही. पैज माझी, म्हणून बायांपैकी मला एकटीला काठाशी यायची मोकळीक. आणि कोणी खड्ड्यातली माती हातात घेतली, तर होळी पेटेपर्यंत त्याने घरी जायचं नाही.

होळीच्या दुपारी आम्ही डोंगर चढलो. प्रांतसाहेब अनवाणी, पँट दुमडलेली, दर दहा पावलांना "अगं आई गं" म्हणत. पठाराच्या तोंडाशी गावाने एक टोपली ठेवली होती. त्यात किल्ल्या पडल्या, घड्याळं पडली, फोन पडले, साहेबांचा पट्टा पडला. पट्टा गेल्यावर साहेबांना एक हात पँटीला द्यावा लागला, तो शेवटपर्यंत तिथेच राहिला. कडलगांनी गणवेशावरची धातूची निशाणी काढताना जरा वेळ घेतला. मग भूमापकाने पोलादी टेप काढला आणि सगळे थबकले.

"हा पण?" त्याने केविलवाण्या आवाजात विचारलं.

"लोखंडच ना ते?" गुमान्या म्हणाला.

"मग मोजायचं कशाने?"

कडलगांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता काय करता मॅडम. टेप टोपलीत पडला.

वर सगळं गाव जमलं होतं. कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप घातलेले, अंगभर राखेचे ठिपके काढलेले बुध्या, म्हणजे होळीचे नाचे, ढोलाभोवती घुमत होते. एका बाजूला लांबलचक बांबू आडवा ठेवला होता, टोकाला पानं तशीच. पालनी या वर्षी गुमान्याची होती. त्याने उंचवट्याला हात लावून कपाळाला लावला, गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी माती ओढायला लागला.

वरची गवताची साल निघाली. खाली राख. करडी, मऊ, कोळशाचे तुकडे मिसळलेली. मला वाटलं, झालं, आता भराभर खोल जाईल. पण हाताने खणणं म्हणजे काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. ओंजळ भरायची, मागे द्यायची, मागचा ती काठावर लोटणार. खड्डा घोट्याएवढा झाला. मग गुडघ्याएवढा. तिथे गुमान्या थांबला.

कडलग पुढे झाले. गुमान्याने बोटांनी तळ चाचपला. त्याला काहीतरी कडक लागलं होतं. मी मनातल्या मनात टिपणीची पहिली ओळ लिहायला लागले, खरंच सांगते. मग त्याने वाकून दोन्ही हातांनी एक जळका ओंडका ओढून काढला, बाजूला ठेवला आणि पुन्हा ओंजळ भरली. राखच होती.

कमरेपर्यंत गेला. छातीपर्यंत गेला. बायका लांबून गात होत्या, त्यांचं गाणं तेवढं ऐकू येत होतं. खांदे गेले. आता नुसतं डोकं दिसत होतं आणि ते ताडमाड माणसाचं डोकं होतं, हे लक्षात घ्या. मग तेही गेलं. पठारावर गुमान्या वळवी कुठेच नव्हता. फक्त खड्ड्यातून भरलेल्या टोपल्या वर येत होत्या, आणि त्या सगळ्या करड्या.

गजभारेसाहेबांच्या दोन्ही भुवया वर जाऊन तिथेच राहिल्या.

बऱ्याच वेळाने खड्ड्यातून एक हात वर आला. मूठ उघडली. तळहातावर लाल, ओलसर माती होती.

"कोरी!" आतून आवाज आला.

ढोल एकदम चढला. मी ओरडलेच बहुतेक, कारण साहेबांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. पण कडलग हलले नव्हते.

"साहेब," ते म्हणाले, "खड्डा खोल आहे, मान्य. पण खोल खड्डा कोणीही खणून त्यात चुलीची राख भरू शकतो. दोन रात्रींचं काम आहे. मला आत उतरून बघायचंय."

ढोल थांबला. बुध्यांच्या घुंगरांचा आवाजही थांबला. पालनी न धरलेला माणूस, तोही गणवेशातला, होळीच्या खड्ड्यात! तरणी पोरं पुढे सरसावली. मी मधे जाणार एवढ्यात लांबून सेगीआजीचा आवाज आला.

"उतरू दे त्याला. तो बघायलाच आलाय ना? बघू दे."

गुमान्याला वर ओढून काढलं. कडलग त्याच्या जागी उतरले, आणि तेही आत दिसेनासे झाले. आम्ही काठावर वाकून पाहत होतो. खाली त्यांनी भिंतीला हात लावला. नखाने जरासं खरवडलं. मग जरा वर खरवडलं. मग आणखी वर. मला वरूनही दिसत होतं. भिंतीत राखेचे थर होते. पांढरट, मग काळा, मग बारीक मातीचा, मग पुन्हा पांढरट. भाकऱ्यांची चवड बाजूने पाहावी तसे, एकावर एक, कुठे बोटभर, कुठे नखभर. दोन पावसाळ्यांच्या मधे एक होळी. खालचे थर इतके दबलेले, की मोजायला गेलं तर नजर ठरेना.

चुलीची राख भरली असती तर ती अशी बसली नसती. जंगलात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला हे कोणी सांगायची गरज नव्हती. झाडाचं खोड कापल्यावर वय कसं वाचायचं, ते त्याचंच तर शास्त्र.

कडलग बराच वेळ आत राहिले. वर आले तेव्हा केसांत, मिशांत, गणवेशावर राख होती आणि मुठीत लाल माती. ते सरळ साहेबांसमोर गेले.

"लिहा, साहेब," ते म्हणाले. "मी चुकलो. ही होळी माझ्या खात्यापेक्षा जुनी आहे."

"खोली किती लिहायची?" भूमापक पुटपुटला. "टेप तर टोपलीत."

"पुरुषभर आणि वर हातभर," गजभारेसाहेब म्हणाले. "आमच्याकडे विहिरी अशाच मोजायचे. लिही. आणि हे पण लिही, की वनक्षेत्रपाल स्वतः आत उभे राहिले आणि दिसले नाहीत."

पेन्सिलीने पंचनामा झाला. साहेबांनी तिथेच, राखेच्या ढिगाशेजारी उभं राहून, एका हाताने पँट सावरत गावाला सांगितलं, की पठार दाव्यात राहील, समितीसमोर शिफारस ते स्वतः मांडतील आणि चैत्रात कुंपणाचा एकही खांब इथे रोवला जाणार नाही. मी त्याचं साधं मराठी केलं, गुमान्याने त्याचं भिल्ली केलं. मला वाटलं, आता जल्लोष होईल. कोणी हूं की चूं केलं नाही.

"कळलं ना यांना?" साहेबांनी मला हळूच विचारलं.

"कळलं, साहेब," गुमान्याच म्हणाला. "पण आधी होळी उभी राहू दे."

मग बांबू उचलला. शंभर हात लागले असतील. कडलग बाजूला व्हायला लागले तसा गुमान्याने त्यांच्या मनगटाला धरलं. "माती हातात घेतलीस ना? मग आता पेटेपर्यंत घरी नाही." रेंजरसाहेबांनी एकदा खालच्या टोपलीकडे, एकदा बांबूकडे पाहिलं आणि खांदा लावला. बांबू वाकला, डोलला, एकदा तर पार आमच्या अंगावरच येतो की काय असं झालं. दोरांनी ताणला, ओढला, शिव्या घातल्या, आणि त्याचा पाय खड्ड्यात सरकून खालच्या लाल मातीत धप्पकन बसला. बांबू सरळ उभा राहिला. टोकाची पानं मावळत्या उन्हात वर हलली. त्या क्षणी जी आरोळी उठली ती मी आयुष्यात पुन्हा ऐकली नाही. ढोल, घुंगरं, पावे, सगळं एकदम. साहेब पँट विसरून टाळ्या वाजवत होते. कडलगांच्या डोक्यावर कोणीतरी मोरपिसांचा टोप चढवला होता, आणि त्यांनी तो काढला नाही. मी रडत होते आणि हसतही होते, लपवायचं भान कोणाला होतं?

आज मी नव्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात शिकवायला जाते. मुलं हुशार असतात, कायद्याची कलमं पाठ असतात. ती विचारतात, मॅडम, पुरावा कशाला म्हणायचं? मी त्यांना सावरपाणीला घेऊन जाते. झरा वाहतोय. मोह आहेत, उलट वाढलेत. गावाने पठारावर स्वतःचे राखणदार नेमलेत, आणि त्यांना वणवा विझवायला शिकवलं ते निवृत्त कडलगांनी.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. गर्दीतून वाट काढत सेगीआजी माझ्यापाशी आली.

"तो साहेब काय बोलला, नीट सांग."

"आजी, पठार तुमचं आहे, हे सरकारने मानलं."

"आमचं होतंच." तिने खड्ड्याकडे पाहिलं. आता त्यात राख परत लोटत होते, आणि लोटणाऱ्यांत टोप घातलेले रेंजर सगळ्यात पुढे होते. "एवढं कळायला सरकारला एवढं खोल उतरावं लागलं होय?"

मी मान डोलावली.

"पण उतरलं गं," आजी म्हणाली आणि तिचं सगळं तोंड हसलं. "आमच्या आजाच्या वेळेला आलं नाही, बापाच्या वेळेला आलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत उतरलं."

आणि माझ्या कमरेत हात घालून तिने मला नाचणाऱ्या बायकांच्या रांगेत ओढलं.